आप्पांचा अबोला

निलंग्याच्या पेठेत शिवलिंग आप्पांची भांडी जेवढी प्रसिद्ध होती, तेवढाच त्यांचा अबोलाही. सामाईक भिंतीवरून सख्ख्या भावाशी बिनसलं, तर अकरा वर्षं त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. भाऊ वारला तेव्हा मातीला गेले, सगळं रीतसर केलं, पण तोंड उघडलं नाही. त्यामुळे मुलगा महांतेश "अर्धं दुकान मोबाइलच्या काउंटरला द्या" म्हणाला आणि आप्पा भर गिऱ्हाइकांत कडाडले, "आजपासून ह्या तोंडानं तुझं नाव घेनार न्हाई," तेव्हा ऐकणाऱ्यांनी ते खरंच धरलं. त्याच दुपारी आप्पा बसल्या जागी कलंडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, लकवा. महांतेशनं मात्र मनाशी वेगळंच घेतलं. म्हातारा शब्दाला जागला, असं त्याला वाटलं.

दीड महिन्यानं आप्पांची बायको पार्वतम्मा त्यांना एसटीनं लातूरला घेऊन आली, आणि कॉलेजच्या वाचा-उपचार केंद्रात आप्पा अंजूच्या वाट्याला आले.

अंजू उदगीरची. लातूरला येणारी दर दुसरी पोर डॉक्टर व्हायला येते, तशी तीही आली होती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली आणि स्पीच थेरपीला लागली. "म्हंजे बोबड्या लेकरांना बोलायला शिकवायचं, व्हय ना?" असं आत्यानं विचारलं, तेव्हापासून ती नातेवाइकांना काही समजावायच्या भानगडीत पडत नसे. शेवटच्या वर्षाला मात्र तिला तिचा विषय सापडला. चांगली बोलती-चालती माणसं, मेंदूला धक्का बसतो आणि शब्द हरवतात. अफेजिया म्हणतात त्याला. जीभ शाबूत, आवाज शाबूत, अक्कल शाबूत. फक्त मनात आहे त्याचं नाव सापडत नाही. वर्गात हे शिकताना तिला मोठी मौज वाटायची. त्या मौजेची पुढे तिला लाज वाटली.

आप्पांसमोर तिनं पहिलं चित्र ठेवलं ते पाण्याच्या तांब्याचं. चाळीस वर्षं तांबे-पराती विकलेला माणूस. त्यांनी डाव्या हातानं चित्र जवळ ओढलं, त्यावर बोट आपटलं, ओठ हलवले. कपाळावर घाम आला, पण तोंडातून "अं... अं..." पलीकडे काही निघेना. मग त्यांनी मान फिरवली आणि तास संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसले. पार्वतम्मांनी पदर डोळ्यांना लावला. असे तीन आठवडे गेले. सोमवार आणि गुरुवार, एसटी, चित्रं आणि तोच घाम.

चौथ्या आठवड्यात अंजूला एक युक्ती सुचली, आणि ती लिंगायताच्या घरची होती म्हणूनच सुचली. पुस्तकात होतं की स्वतःचे शब्द गेलेल्या माणसाच्या तोंडी आकडे, वार, शिव्या, प्रार्थना राहू शकतात. वर्षानुवर्षं घोकलेलं आपोआप बाहेर पडतं, त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. आप्पांच्या गळ्यात लिंग होतं. रोजच्या पूजेत घेतात तसं तिनं ते त्यांच्या डाव्या तळहातावर पार्वतम्मांना ठेवायला लावलं आणि हळूच सुरू केलं, "ॐ नमः..."

"शिवाय," आप्पा म्हणाले. खणखणीत. मग पुन्हा, पुरं, एका दमात दहा वेळा.

पार्वतम्मा रडता रडता हसायला लागल्या. अंजूनं त्यांच्याच फोनवर व्हिडिओ काढला. "घरी दाखवा सगळ्यांना," ती म्हणाली.

"मालक बोलायला लागले की गं पोरी!" पार्वतम्मांनी तिच्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

सांगायचं ते इथेच सांगायला हवं होतं. अव्वा, हे बोलणं नव्हे, ह्यातून त्यांना पाणीसुद्धा मागता येणार नाही, एवढंच. पण त्या बाईचा आनंद मोडायला अंजूचं मन धजलं नाही, आणि खरं सांगायचं तर तो आनंद तिला स्वतःलाही हवा होता. तिनं फाइलमध्ये सगळं बिनचूक लिहिलं. तिच्या शिक्षिका उज्ज्वला मॅडमनी फाइल बघून विचारलं, "घरच्यांना समजावलंस ना, हे आपोआप येणारं आहे म्हणून?"

"हो मॅडम," अंजू म्हणाली.

पुढच्या चार खेपा तिनं मंत्राचाच सराव धरला. मग आप्पा यायचे बंद झाले. तिनं फोन केला, तर पार्वतम्मांचा आवाज अगदी उतरलेला.

"म्हांतेश म्हनतो, लातूरला कशाला चकरा मारायच्या? देवाशी बोलायला वाचा हाय, माझ्याशीच न्हाई. लकवा-बिकवा काई न्हाई, अबोला हाय त्यो. त्यो व्हिडिओ धा-धा बार बघायलाय, बाई. लई बेजार झाला."

रविवारी सकाळी अंजूनं निलंग्याची एसटी धरली.

पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या दारात खुर्चीवर आप्पा. महांतेश पस्तिशीचा, दाढी वाढलेला. त्यानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि फोन तिच्यासमोर धरला. व्हिडिओत आप्पा मंत्र म्हणत होते, पार्वतम्मा हसत होत्या, मधूनच तिचा स्वतःचा आवाज येत होता, "वा आप्पा, वा!"

"ह्यात कुठं अडखळले का, सांगा मॅडम."

अंजूनं होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याला पटत नव्हतं. "सख्ख्या काकाशी अकरा साल बोलले न्हाईत ते. त्यांचा मेंदू मला नका सांगू." मग तो बापाच्या पायाशी बसला. "आप्पा, चुकलं माझं. दुकान ऱ्हाऊ द्या हाय तसं. एकदा नाव घ्या माझं. एकदाच."

आप्पांनी डावा हात पुढे केला. ओठ थरथरले. डोळे भरून आले. आणि बाहेर पडलं, "ॐ नमः शिवाय."

"बघितलं?" महांतेश उठला. त्याचेही डोळे भरले होते, ते त्याला कुणाला दाखवायचे नव्हते. "माफी मागतो तर देव आडवा घालायलेत." तो तडक दुकानात निघाला.

त्याच्या पाठीमागून आप्पा पुन्हा म्हणाले, "ॐ नमः शिवाय!" ह्या वेळी मोठ्यानं, शेवट ताणून, जाणाऱ्या माणसाला हाळी देतात तसं. अंजू तासभर तिथेच बसून ऐकत राहिली. पाणी हवं तेव्हा तेच शब्द, हळू. पार्वतम्मांनी कडू गोळी पुढे केली तेव्हा तेच, चिडून. दुसरं काही बोलायला गेले तरी तेच. तिनं त्यांच्या तोंडी एकच वाट पाडून दिली होती, आणि पाण्यापासून पोरापर्यंत आप्पा सगळं त्याच वाटेनं बाहेर काढत होते.

ती दुकानात गेली. "अण्णा, शब्द सोडा, सूर ऐका. ते तुम्हाला हाक मारतायत."

"तुमचं अजून शिक्षण चालूच हाय ना?" महांतेश तिच्याकडे न बघता म्हणाला. "पास व्हा. मग सांगा." आणि त्यानं गिऱ्हाइकापुढे पातेली मांडायला घेतली.

सोमवारी अंजूनं उज्ज्वला मॅडमना खोटं बोलल्याचं कबूल केलं. मॅडमनी समोरची फाइल मिटली. "रविवारी मी येते तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाल्या. शुक्रवारी पार्वतम्मांच्या नंबरच्या स्टेटसला आप्पांचा हार घातलेला फोटो दिसला, खाली 'लिंगैक्य' असं लिहिलेलं. दुसरा झटका आला होता.

तिसऱ्या दिवशी अंजू एकटीच गेली. मॅडमना नको म्हणाली. तोंड दाखवायचं तर आपलं आपण दाखवावं. घरात माणूस मावत नव्हतं आणि जो तो एकच बोलत होता. काय भाग्य, शेवटच्या श्वासापर्यंत तोंडात शिवाचं नाव. जंगम स्वामी म्हणाले, असं मरण पुण्यवंतालाच येतं. पार्वतम्मा भिंतीला टेकून प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या, आणि तेवढाच त्यांना आधार होता. अंजूला वाटलं, आता गप्प बसावं. कुणाचं काही बिघडत नाही.

तेवढ्यात महांतेश तिला बाजूला घेऊन गेला, बंद दुकानात, भांड्यांच्या फडताळांमध्ये.

"मॅडम, आखरीला माझ्याकडं बघून एकसारखं म्हनत होते. सगळे म्हन्तेत देवाचं नाव. तुम्ही सांगा. कुनाचं नाव घेत होते?"

देवाचं, म्हटलं असतं तर तो सुटला असता आणि तीही. ते उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण एका माणसाचा चेहरा उतरू नये म्हणून ती एकदा गप्प राहिली होती, आणि त्याचं काय झालं ते बाहेर माणसं भाग्य म्हणून सांगत होती.

"तुमचं," ती म्हणाली.

महांतेश खाली बसला. हाताला लागलेलं एक फुलपात्र त्यानं उचललं, परत ठेवलं.

"रोज सकाळी मी शटर उघडायला निघालो की म्हनायचे," तो म्हणाला. "मोठ्यानं. पार दारापर्यंत ऐकू यायचं. महिनाभर. ऐकू येऊ नये म्हनून मी कानात हेडफोन घालून निघायचो."