सव्वासात किलोचा गोळा

पोलीस भरतीची तयारी मी आणि माझा चुलतभाऊ एकत्रच करत होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी रोज सकाळी अहमदपूरच्या मैदानावर जायचे.

भरतीत पोरांना सोळाशे मीटर धावायचं असतं, पोरींना आठशे. त्यांचा गोळा सव्वासात किलोचा, आमचा चार. यावरून त्याचं रोज चालायचं.

"निम्मं पळायचं, हलका गोळा फेकायचा आन् पगार सारखाच. हे बरं हाय का?"

"दादा, सोयाबीन काढताना कंबर धरून बांधावर कोण बसतंय?"

"ते निराळं. ताकदीचं बोल."

एका सकाळी मी त्याचा गोळा उचलून फेकला. तो इतका जवळ पडला की मैदानावरची पोरं हसली. दादा हसला नाही. "बघ," एवढंच म्हणाला. मला तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात घरची पोती ट्रॉलीत चढवायची होती. दादा एकेक पोतं पाठीवर घेऊन चढवत होता. आई नको म्हणत असताना मी पुढे झाले. पहिलं पोतं कसंबसं चढलं. दुसऱ्याला कमरेत कळ आली आणि मी तिथंच खाली बसले. उठताच येईना.

दवाखान्यात दादानंच नेलं. डॉक्टरबाईंनी काय उचललं ते विचारलं, तर तोच खाली मान घालून म्हणाला, "माझ्यामुळं झालं, मॅडम." ते खरं नव्हतं. पोतं मी उचललं होतं, माझ्या हट्टानं. पण तेव्हा मी गप्प राहिले.

तीन आठवडे धावणं बंद. नंतर मैदानावर गेले तेव्हा दादा आपल्या फेऱ्या संपवून माझ्या वेगानं माझ्यासोबत पळायचा. वाद मात्र घालत नव्हता. मीच एकदा विचारलं, "आता बोलत का न्हाईस?"

"तू परत पोतं उचलशील म्हणून."

मला हसू आलं. मग मनातलं बोलून टाकलं. "ताकद तुझ्यात जास्त हाय, दादा. ते कबूल करायची मला लाज वाटत होती. कबूल केलं की नोकरीवरचा हक्कच जातो असं वाटायचं."

त्यानं वेग आणखी कमी केला. मग म्हणाला, "हक्क कशाला जाईल? पण सोळाशे मीटर लई असतंय, एवढं तरी म्हण."

"लई असतंय," मी म्हणाले.

नांदेडच्या मैदानी चाचणीत माझा गोळा कमीच गेला. धावण्यात आणि लेखीत निभावलं, निवड झाली. दादाचं मैदान उत्तम गेलं, पण लेखीत तो राहिला. पुढच्या भरतीपर्यंत सुट्टीवर आले की मी त्याला गणितं सोडवायला बसवायचे. तो चिडायचा, पुस्तक मिटायचा, चहा घेऊन परत बसायचा. त्या खेपेला तो लागला. निकालाचा त्याचा फोन आला तेव्हा मी बंदोबस्तावर होते, उचलता आला नाही. संध्याकाळी काकीनं कळवलं. बोलता बोलता ती रडत होती.