भिंतीवरच्या नावाचा फोटो

पुण्याहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी तीन तास उशिरा दिल्लीला पोचली. सोबत बायको, रेखा. चाकणच्या एका कंपनीत मी तयार भाग तपासतो. एवढ्या वर्षांत इतक्या लांब पहिल्यांदाच आलो होतो.

मोशीत आमच्या शेजारी सिंधूकाकू राहतात. त्यांचा मुलगा विलास फौजेत होता, सीमेवरच गेला. आम्ही निघताना काकू म्हणाल्या, "तिथं भिंतीवर त्याचं नाव हाय म्हणत्यात. तेवढा फोटू आण, बाबा. मला कोण नेतंय आता!"

अंधार पडल्यावर इंडिया गेट पाहिलं. दिव्यांच्या उजेडात ते फोटोतल्यापेक्षा बरंच थोराड दिसतं. जवळच्या गाड्यावर राम लड्डू (मूगडाळीची भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी) घेतले. "लाडवावर मुळा घालतात का कुठं!" असं म्हणत रेखाने दुसरी प्लेट मागवली. त्यात अर्धा तास गेला.

पलीकडेच राष्ट्रीय समर स्मारक. मधोमध ज्योत, भोवती ग्रॅनाइटच्या गोल भिंती, आणि विटेविटेवर एकेका जवानाचं नाव, सोनेरी अक्षरांत. आत शिरलं की माणसं आपोआप हळू बोलू लागतात. तिथल्या पडद्यावर विलासच्या विटेची जागा शोधून मी भिंतीचा आणि ओळीचा आकडा तळहातावर लिहून घेतला. त्या भिंतीशी पोचतोय तोच पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.

"चलिए भाईसाहब, टाइम हो गया."

"बस, दो मिनट."

"सब दो मिनट ही बोलते हैं."

आता खरं सांगतो. शिफ्ट सुटताना शेवटचा ट्रे न तपासताच कागदावर 'ओके' लिहायची मला सवय आहे. तिथेही मी तेच केलं. ओळ साधारण हीच, असं म्हणून एका विटेचा फोटो काढला.

"अहो, नाव वाचलंत ना?" रेखाने विचारलं.

"वाचलं."

घरी आल्यावर रेखाने तिकिटं, फोटो लावून चिकटवही करायला घेतली. फोटो छापून आले तेव्हा नाव नीट दिसलं. ते विलासचं नव्हतं. ते पान मी स्वतःच चिकटवलं आणि खाली माझ्या अक्षरात विलासचं नाव लिहिलं. मग वरची बारीक अक्षरं कोणी निरखली नाहीत. काकूंनाही पान दाखवलं; त्यांना तर वाचताच येत नाही. फिरून आलेला माणूस सांगेल ते घरच्यांना खरंच वाटतं; पडताळायला कोण जाणार?

सहा महिन्यांनी विलासची तिथी आली. काकूंनी वही मागून नेली, पाटावर ते पान उघडून ठेवलं, फुलं वाहिली, नैवेद्य दाखवला आणि पहिलं ताट मला वाढलं. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"काकू, हे नाव विलासचं नाही. मी न वाचताच फोटो काढला."

काकूंनी पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "मग ह्यो कुणाचा?"

मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते एकदा स्वतःशीच म्हटलं. फुलं तशीच राहू दिली.

"आन् इतकं दिस मला फशिवलंस व्हय रं?"

"हो."

मग माझ्या ताटात आमटी वाढत म्हणाल्या, "ऊन न्हाई सोसायचं मला. दिवाळी झाली की ने तिथं."