वाढत्या अंगाचा सूट

शेततळ्यावर त्या सकाळी आमी पाच जण व्हतो. म्या, माझा ल्योक, माझी सून, माझी नात आन गावातला शिंपी. सहावा त्यो रबरी सूट. त्याला माणसात धरायलाच पायजे, कारण नात आत शिरल्यावरबी त्यात आणिक एका माणसाची जागा शिल्लक व्हती.

आदी नातीचं सांगते. पोरगी विहिरीत पवायला शिकली ती माझ्याकडून, पाठीला रिकामा डबा बांधून. पुढं समुद्राकडं गेली आन पाठीवर डब्याच्या जागी हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली ऱ्हायला शिकली. धरणाचे दरवाजे, भिंती खाली जाऊन तपासायचं काम असतंय, त्या कामाला तिला लागायचं व्हतं. त्याची परीक्षा लई लांब, बर्फाच्या डोंगरातल्या तळ्यात. चाळीस मिनिटं खाली राहून काम करून दाखवायचं. थंडीनं मधीच वर आलं की घरी जावा, दुसऱ्यांदा बोलावणं न्हाय. आन थंडीत ऊब धरणारा रबरी सूट ज्याचा त्यानं आणायचा.

गार पाणी म्हंजे काय ते मला कुणी शिकवू नये. मोठ्या दुष्काळात आमी बाया विहिरीतला गाळ काढायला उतरायचो. ज्या विहिरीवर आमच्या लोकांना घागर बुडवू देत न्हवते, तिच्याच तळाला आमाला सोडायचे. गाळाला इटाळ न्हवता. सकाळधरनं दिवस मावळंस्तोवर कमरंएवढ्या पाण्यात उभं राहून पाट्या भरायच्या. तिथं एक गोष्ट कळली. लुगडं सैल असलं की त्यातनं पाणी ये-जा करतं, दर खेपंला नवं गार पाणी अंगाला लागतं. तेच आवळून नेसलं की आत अडकलेलं पाणी अंगाच्या ऊबंनं कोमट व्हतं, आन तेच माणसाला राखतं. सैल नेसणारी दोन दिसांत तापानं पडायची.

हे घरात कुणी मला इचारलं का? कशाला इचारतील. घरात शिकलेली माणसं हायत.

सुनंनं पोरीची मापं घेतली. ड्रेसवरनं, ड्रेसवर सोटर असताना, वरनं टेपखाली दोन बोटं घालून. ल्योकानं ती मापं मोबाईलवर टाकली आन जो नंबर आला त्याच्या पुढचा मागवला.

"वाढत्या अंगाचा घेतलेला बरा," म्हणला.

"पोरगी बावीस वर्साची हाय. आणिक कुठवर वाढायची हाय ती?" म्या इचारलं.

"माय, तुला त्यातलं कळत न्हाय."

खरं हाय. ह्याच्या शाळंची चड्डी म्याच वाढत्या अंगाची घेतली व्हती. सातवीपातुर सुतळी बांधून घातली त्यानं. माझीच शिकवण, दुसऱ्या कुणाला काय बोलावं?

सून म्हणली, "आत्या, सैलच बरा. अंगाला चिकटलेलं चारचौघांत बरं दिसत न्हाय."

"पाण्याखाली चारचौघं कोण गं? मासं?"

सूट आला. काळा, चपलंच्या तळव्यागत जाड. पोरीनं घातला तर पाठीत पोकळ, बगलंत लोंबतंय, गळ्यातनं माझा अख्खा हात आत जातोय. नात म्हणली, "थोडा ढगळ हाय, पण चालंल." म्या तिच्या तोंडाकडं बघितलं. तिला कळत व्हतं. समुद्रावर शिकून आलेली पोरगी, तिला कळणार न्हाय व्हय? पण बापानं हौसंनं आणला, मंग गप.

ल्योकानं शिंप्याला बोलावलं. आमचा शिंपी कशालाच न्हाय म्हणत न्हाय, म्हणूनच गावातली निम्मी माणसं एक खांदा वर करून चालतेत. "काकी, येवढंच ना? दोन टाके मारतो," म्हणला आन दोन्ही बगला टीप मारून आत घेतल्या. रबराला सुईनं पाडलेलं भोक बुजत न्हाय, हे त्याला ठावं न्हवतं. दुकानदारानं सूट परत घेतला असता, तीबी वाट त्यानं शिवून टाकली. वर म्हणतोय, "फिटिंग झकास!"

मंग त्या सकाळी शेततळ्यावर गेलो. पौषाचा महिना, उघड्या माळाचं वारं. थंडीत शेततळ्याचं पाणी विहिरीगत कोमट नसतं, रातभर गारठून बसलेलं असतं. पोरीच्या पाठीला हवेचं नळकांडं, कमरंला दोर बांधला, दोर ल्योकाच्या हातात, मोबाईलवर मिनिटं मोजायचं काम सुनंकडं. शिंपी आपलं काम बघायला आलेला.

अकराव्या मिनिटाला पोरगी वर आली. व्हट जांभळं, दात वाजतेत, बोटांनी दोर सुटंना.

ल्योक म्हणला, "पाणी लई गार हाय."

"व्हय रं बाबा. ऊन पाण्यात जायचं असतं तर सूट कशाला आणला असता?"

म्या तांब्या घेतला, तळ्यातलाच भरला. पोरीला म्हणलं, उभी ऱ्हा. गळ्यातनं आत वतला. पाठीवरनं सरळ खाली, आन डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही घोट्यांतनं भाईर.

"बगा. ह्यो सूट न्हाय, पाईपलाईन हाय."

शिंपी हसला. पोरगी रडाय लागली. "आज्जे, पंधरा दिस ऱ्हायलेत. ह्याच्यात गेले तर पयल्याच दिवशी परत येते म्या." मंग बापाकडं वळून म्हणली, "बाबा, तुम्ही लई हौसंनं आणला, म्हणून बोलले न्हाय."

ल्योक दोर गुंडाळत बसला. गुंडाळलेला दोर सोडून परत गुंडाळला.

दुसरा सूट कसा आला ते इचारू नका. दारातल्या शेळ्या दोन कमी झाल्या, आन सकाळचा बें-बें कालवाबी तेवढा कमी झाला.

ह्या टायमाला मापं म्या घेतली. दार लावून, उघड्या अंगावर, टेप टेकवून. छाती, कंबर, मांडी, पोटरी, मनगट, गळा. ल्योक दुकानदाराला फोनवर आकडं सांगत व्हता, तवा म्या शेजारी बसले. "एक आकडा वाढवशील तर बघ." न्हाय वाढवला.

नवा सूट घालायला अर्धा घंटा लागला. पायात कॅरीबॅग चढवली, मंग पाय सरकला. सून एका बाजूनं वडतेय, म्या एका बाजूनं, पोरगी मधी घामाघूम. सुनंनं पाठीची चेन लावली आन म्हणली, "लई चिकटलंय बाई."

"चिकटू दे."

पोरीला म्हणलं, जात्यावर बसतेत तशी बस. बसली. मुसळ मारल्यागत हात वर कर. केलं. पोटभर श्वास घे. घेतला. "गळा आवळतोय का?" तर म्हणली, "न्हाय आज्जे, नुसता धरतोय." पाठीच्या खळग्यात चिमटीत धरून बघितलं, चिमटीत काय येईना. तांब्या वतला. पाणी गळ्यावरनंच मागं फिरलं. घोटभर आत गेलं असंल, ते काय भाईर आलं न्हाय.

सून तिच्याकडं बघत ऱ्हायली. "दिसतंय बरं," म्हणली हळूच.

शेततळ्यात पोरगी पाऊण घंटा ऱ्हायली. काठावर आमीच गारठलो. शिंपीबी आला व्हता, शाल पांघरून. म्हणतोय, "माझ्या टाक्यामुळं तर कळलं की चूक कुठं हाय."

परीक्षेच्या दिवशी पोरीचा फोन आला. सगळ्यांच्या आदी मला मागितलं. "आज्जे, बोटं गारठली, पण छाती न्हाय. पास झाले." म्या बरं म्हणलं आन फोन सुनंकडं दिला. आता ल्योक पारावर बसून सांगतोय, सूट कसा मापाचा पायजे ते. मला मातुर अजूनबी म्हणतो, तुला त्यातलं कळत न्हाय.

पयला सूट सपरात खुट्टीला लटकलाय. कोंबड्या त्याला भितेत. माझी इनंती येवढीच हाय, ज्याला त्यो बसंल त्यानं घेऊन जावा, फुकट. बगलंतली भोकं तेवढी चिकटवून घ्या. पण घरातल्या कुणासाठी अंदाजानं नेऊ नका. ज्याला घालायचाय त्यानं सोता या, अंगात घाला, आन म्या तांब्याभर पाणी वतेस्तोवर उभं ऱ्हावा.