निरोपाची सुरी

माझे वडील रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा कंपनीनं त्यांना एक सुरी दिली. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मी थट्टा करत नाहीये हे कळल्यावर पुन्हा हसतो. बाबांच्या आधीच्या लोकांना मनगटी घड्याळं मिळाली होती, त्यांच्या नंतरच्यांना भिंतीवरची. म्हणजे शिफ्ट कायमची संपली की घड्याळ द्यायचं, अशी पद्धत होती. बाबांच्या वेळी नवे तरुण साहेब आले होते आणि त्यांना काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. भाषणात ते म्हणाले, "आता घरी वहिनींना मदत करा." कँटीनमध्ये भरपूर टाळ्या पडल्या.

सुरी दिसायला मात्र झोकात होती. मखमलीचं खोकं, पात्यावर काळंभोर कोटिंग, त्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, मध्ये बाबांचं नाव आणि खाली 'कृतज्ञतापूर्वक'. ती घेऊन बाबा गेटवर आले तर वॉचमननं अडवलं. धारदार वस्तू गेटपासशिवाय बाहेर नेता येत नव्हती. ज्यांचा नुकताच सत्कार झाला ते आमचे बाबा गळ्यात हार आणि काखेत खोकं घेऊन साहेबांच्या सहीची वाट बघत उन्हात उभे राहिले. आईला त्याचा फार राग आला होता. बाबा म्हणाले, "नियम म्हंजे नियम गो. त्याच्या जागी मी असतो तर मीबी सोडला नसता." जन्मभर त्यांनी कंपनीची बाजू घेतली, ती अशी.

खोकं शोकेसमध्ये, येणाऱ्याला दिसेल असं उघडं ठेवलं गेलं. पुढे कंपनी दुसऱ्या कोणी घेतली. गेटवरची पाटी बदलली, भिंतींचा रंगसुद्धा बदलला. बाबा एकदा जुन्या सोबत्याला भेटायला गेले, तर नव्या वॉचमननं विचारलं, "कोण तुम्ही? कोणाकडे काम आहे?" घरी येऊन बाबांनी शोकेसची काच पुसली. त्या कंपनीत ते होते हे सांगणारी आता तेवढी एकच वस्तू उरली होती. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

आई मूळची पेणजवळच्या गडब गावची. तिनं सगळं आयुष्य विळीवर बसून चिरलं आणि सुरीनं चिरणाऱ्या बायकांना ती मनातून कच्च्याच समजायची. मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला साफ बंदी केली आणि ओट्याशी उभं राहून चिरायला सुरी लागली. मी वडखळच्या नाक्यावरून एक नवी नेऊन दिली. तिची मूठ आईच्या वाकड्या झालेल्या बोटांत बसेना. कंपनीच्या सुरीची बसली. साहेबांनी काही का म्हटलेलं असेना, मूठ त्यांनी चांगली निवडली होती. बाबांनी थोडी कुरकुर केली, पण वहिनींना मदत करायचा हुकूम वरूनच आलेला असल्यामुळे त्यांना फार ताणता आलं नाही.

एका रविवारी मी पेणहून रोह्याला गेले होते. जेवताना बाबांनी दुधीची भाजी बोटानं चिवडली आणि म्हणाले, "मोहरी जास्त पडली का गो आज?"

"मोहरी नाय ती," आई म्हणाली. "तुमची कंपनी हाय."

मी उठून सुरी बघितली. धारेकडचं कोटिंग पापुद्रे धरून सुटलं होतं. 'कृतज्ञतापूर्वक' सगळ्यात आधी गेलं होतं आणि बहुधा आम्हा तिघांच्या पोटात होतं. कंपनीचं नाव झिजायला लागलं होतं. बाबांचं तेवढं शाबूत होतं.

माझं सासर पेणचं, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेलं. आमच्याकडे रंग लावण्याइतकाच बिघडलेला रंग काढण्यात जन्म जातो. त्यामुळे मी लगेच शहाणपणा सुरू केला. हे सगळं काढून टाकायचं आणि खालचं पोलाद घासून लखलखीत करायचं, असं मी जाहीर केलं. पुढच्या खेपेला थिनर नेलं. थिनरनं गणपती उघडा पडतो, पण या कोटिंगला ढिम्म काही झालं नाही. मुठीची चकाकी मात्र गेली. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, तेवढं पुरलं.

मग पॉलिश पेपर नेले. मूर्तीचं प्लास्टर घासतात तेच, भरड, मध्यम आणि बारीक. आईच्या हातात जोर नव्हता, म्हणून काम बाबांकडे आलं, आणि काम म्हटल्यावर कंपनी आली. जुना गॉगल निघाला, रबरी हातमोजे निघाले, नाकाला पंचा बांधला गेला. सुरी पाटावर आडवी ठेवून धारेवर चिकटपट्टी लावली. काळी भुकटी उडू नये म्हणून पेपर पाण्यात भिजवून मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं घासायचं, हे मी सांगितलं. मागेपुढे घासलं की ओरखडे राहतात. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. पडवीत कामगार एकच होता आणि सुपरवायझरही तोच होता.

पुढच्या रविवारी सुरी तयार होती. पातं असं चकचकीत की त्यात तोंड दिसावं. फक्त मधोमध आगपेटीएवढा काळा चौकोन तसाच ठेवलेला होता, कडा पट्टी लावून सरळ केलेल्या. चौकोनात कंपनीचं झिजलेलं नाव आणि खाली बाबांचं.

"हे काय?" मी विचारलं.

"तेवढं ऱ्हाऊ दे. तेवढ्यानं काय व्हतंय?"

मी खूप बोलले. तेच पोटात जातं, तेच काढायचं होतं, वगैरे. बाबा पाटावरची भुकटी पुसत राहिले. आई अजिबात भांडली नाही. भांडली असती तर बाबांनी पुरून उरून दाखवलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमचं नाव. मला चिरायला विळी हाय." आणि माळ्यावरची विळी तिनं काढायला लावली, बाबांनाच.

तेव्हापासून ती ओट्याला धरून खाली बसायची, भाजी चिरायची आणि झालं की हाक मारायची, "जरा हात द्या." बाबा वाचत असलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून जायचे, हात द्यायचे, परत येऊन बसायचे. सुरी पुन्हा शोकेसमध्ये गेली होती. दोघंही इतकी गुण्यागोविंदानं वागत होती की मला त्या घरात गुदमरायला व्हायचं.

एकदा मी असतानाच ती खाली अडकली. भेंडी अर्धी चिरून झाली होती. बाबांनी दोन्ही हात धरून ओढलं, मी मागून आधार दिला, पण गुडघा हलेचना. आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती ओरडत नव्हती, याचीच मला भीती वाटली. बाबा तिच्याजवळ फरशीवर बसले. बऱ्याच वेळानं पाय मोकळा झाला. तिला खुर्चीवर बसवून बाबा शोकेसकडे गेले.

ते पडवीत बसले, तर गॉगल नाही, हातमोजे नाहीत. आधी त्यांनी कंपनीचं नाव घासलं. ते झटक्यात गेलं. त्यांचं स्वतःचं मात्र निघता निघेना. बाकीचं कोटिंग भाजीत आपणहून पडत होतं आणि हे नाव भरड पेपरलाही दाद देत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा त्याच जागी घासत राहिले. मला ते बघवेना.

"द्या, मी करते," मी म्हटलं.

"नको बाय. ह्ये माझं मलाच करू दे."

शेवटी गेलं. मग त्यांनी बारीक पेपर फिरवला, टूथपेस्ट लावून फडक्यानं घासलं, धारेची पट्टी काढून दगडावर धार लावली, आणि सुरी कढत पाण्यानं धुऊन धुऊन घेतली. त्यावर कधी काही लिहिलेलं होतं अशी शंकासुद्धा येऊ नये, इतकं ते पातं कोरं झालं. मूठ आईकडे करून त्यांनी सुरी पुढे धरली.

आईनं घेतली नाही. खुर्चीचा हात धरून ती उठली, देव्हाऱ्यातून एक रुपया आणला आणि आधी तो बाबांच्या तळहातावर ठेवला.

"धारेची वस्तू कोणाकडनं फुकट घेऊ नये," ती म्हणाली. "नातं तुटतं."

बाबांनी रुपया मुठीत मिटला.

"कंपनीनं माझ्याकडनं नव्हता घेतला," ते म्हणाले.

"मी दिला ना," आई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या हातातून सुरी घेतली.