सांधलेल्या बरणीत लोणचं घालत न्हाईत

बरणी माझ्या लेकाच्याच हातनं फुटली. वरच्या फळीवरनं काढताना तेलकट बूड निसटलं आणि आली खाली फरशीवर. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी. माझ्या सुनेनं उन्हाळ्यात तिच्यात आंब्याचं लोणचं घातलेलं आणि दिवाळीच्या आत ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आली न्हाई. तवापासनं मी निपाणी सोडून बेळ्ळंदूरला लेकाच्या फ्लॅटात हाय.

लेक कॉम्प्युटरवाला. जेवताना ताटाच्या कडेला त्या लोणच्याची एक फोड घ्यायचा. कधी नुसती चाटायचा आणि दुसऱ्या दिवसाला ठेवायचा. लोणचं संपू नये म्हणून. मला कळत होतं.

बरणी फुटली तसा तो तिथंच खाली बसला आणि फोडी वाटीत वेचायला लागला.

"सोड ते. बारीक कपच्या असत्यात. पोटात जातील."

"धुऊन घेतो."

"लोणचं धुत्यात व्हय रं?"

ऐकेना. मग मीच वाटी काढून घेतली आणि सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. सुनेच्या हातचं शेवटचं. मला काय गोड वाटलं असंल? पण गेलेल्याच्या पायी जित्याच्या पोटात कपच्या जाऊ द्यायच्या न्हाईत.

पुढं तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. ऑफिसातनं यायचा, दार लावून घ्यायचा. ताट वाढून ठेवलं तर तसंच. बरणीचे तुकडे मी परातीत ठेवलेले. ते बघून एकदा म्हणाला, "ते पण टाक की. लोणचं टाकलंस, मग हे कशाला?"

"हे सांधता येतंय."

मला येतं ते. माझा नवरा गेला तवा हा मांडीवर होता. मी तंबाखूच्या वखारीत जायची. घरात पाण्याचा एकच रांजण आणि त्यालाबी चीर गेलेली. सासू म्हणली, रडणं काय पळून जात न्हाई, आधी रांजण बघ. उडीद भिजवून गंधासारखे वाटायचे, त्यात खायचा चुना घालायचा, गुळाचा खडा घालायचा. वाळलं की दगड. त्या रांजणाचं पाणी पिऊनच हा एवढा झाला.

खाली पानवाल्याकडं गेले. कानडी मला येतंच.

"अज्जी, चुना स्वल्प देऊ?"

"स्वल्प नको, डबी भर."

"तोंडात दात न्हाईत आणि एवढा चुना?"

"दात न्हाईत, जीभ हाय. दे गुमान."

रविवारी परात पुढ्यात घेऊन बसले. बुडापासनं लावत वर चढायचं. तुकडा बसला की आवळून धरायचा, बोट हललं की सांधा गेला. माझी बोटं आता थरथरत्यात. तुकडा लावला की निसटायचा. हा दारात उभा राहून बघत होता.

"दुकानात गम मिळतो आई. मिनिटात चिकटतं."

"मला मिनिटात नको हाय. ये, धर."

आला. बसला. दोन्ही हात गुंतले की माणूस उठून दार लावू शकत न्हाई. मोबाईल वाजला, तो वाजू दिला. मी पुढचा तुकडा शोधत होते, तवा आपणहून म्हणाला, "लग्नानंतरचं तिचं पहिलं लोणचं नुसतं मीठ होतं. मी छान झालंय म्हणून खाल्लं आणि तांब्याभर पाणी प्यायलो. तिनं ओळखलं."

हसला. हसता हसता रडायला लागला. ती गेल्यापासनं मी त्याला रडताना बघितलंच नव्हतं. नाक पुसायला हात मोकळा न्हाई. मी पदरानं पुसलं.

"हात हलवू नको," म्हणलं.

एक कपची सापडलीच न्हाई. बहुतेक लोणच्यासंगं गेली. तिथं नुसता चुना भरला. चांगली वाळल्यावर त्यानं बरणी उचलून बघितली.

"आता उन्हाळ्यात ह्यातच घालू."

"न्हाई. आंबट हे चुन्याला खातं. सगळे सांधे सुटतील. हिच्यात आता कोरडंच."

"मग काय उपयोग?"

"लोणच्याला मोहरी लागत न्हाई व्हय?"

मोहरी भरून ठेवली.

ह्या उन्हाळ्यात तो चिकपेटच्या बाजारात जाऊन नवी बरणी घेऊन आला. पिशवीत तोतापुरी कैऱ्या. मी काय सांगितलं नव्हतं. फोडी त्यानंच केल्या, मोठ्या मोठ्या, तिच्यासारख्या. जुन्या बरणीतली मोहरी काढून दिली, त्यानं ती भाजून कुटली. मिठाला मी "बास, बास" म्हणत होते, तरी त्यानं वर आणखी मूठ टाकली.

खारट झालंय लोणचं. दोघंबी तांब्या जवळ घेऊन जेवायला बसतो.