एका मशीनवर दोघं

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी खोलीच्या टोकापर्यंत चालत जात, भिंतीपाशी वळून सगळं एकदा पाहून घेत आणि मगच बसत. मी तेर गावात त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा माझ्याकडेही ते असेच आले. मला वाटलं, घर विकत घ्यायचा विचार दिसतोय.

ते एसटीतले निवृत्त कंडक्टर होते. एकदा परंड्याला गाडी रिकामी झाली म्हणून ड्रायव्हर उतरून गेला. नाना मागपर्यंत गेले, तर शेवटच्या बाकावर एक म्हातारी गाठोड्यावर डोकं ठेवून झोपलेली. "दारातनं बघून गाडी मोकळी म्हणायची न्हाय, सर," ते मला सांगत. उठवलं म्हणून त्या म्हातारीने त्यांना शिव्या दिल्या होत्या, हेही ते तितक्याच गंभीरपणे सांगत.

मी धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. माझ्या लॅपटॉपवर नानांनी लिनक्स पाहिलं, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि त्याने एका ओळीत उत्तर द्यायचं, हे त्यांना फार पटलं. "इचारलं तेवढंच बोलतंय. लई चांगल्या घरचं हाय."

त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, पण तो शकुंतलाकाकूंचा. काकू ब्लाउजवर मशीनने भरतकाम करून देत. मोर, कुयऱ्या, वेलबुट्ट्या, सगळी नक्षी त्यांनी स्वतः काढलेली, आणि ती फक्त विंडोजमध्येच उघडायची. आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्या मुली त्यांच्याकडे यायच्या. म्हणून नानांची मागणी अशी होती : "विंडोजला उठवायचं न्हाय. त्याला जरा सरकून घ्या म्हणायचं आन् लिनक्सला शेजारी बसवायचं."

"माझ्या एका मोराला धक्का लागला ना," काकू दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "तर तुमी दोघंबी लिनक्समदीच जेवा."

मी पेनड्राइव्ह लावला. लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रामने दोन डिस्क दाखवल्या आणि दोन्ही रिकाम्या आहेत असं सांगितलं. मला आनंद झाला. एक विंडोजची असेल, दुसरी आपण घेऊ. मी बटण दाबणार तोच नाना म्हणाले, "थांबा. दोन्ही मोकळ्या, मग हिचे मोर कुठं बसलेत?"

मी हात मागे घेतला. मशीन जुनं होतं, बंद पडलेल्या एका व्हिडिओ स्टुडिओतून आणलेलं. स्टुडिओवाल्याने वेगासाठी दोन डिस्क जोडून एक केल्या होत्या. प्रत्येक मोर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. विंडोजला ही जोडणी ठाऊक होती, लिनक्सला अजून सांगायची होती. एकीवर काही लिहिलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या.

"डिस्कांच्या अशा जोडणीला रेड म्हणतात, नाना."

"कुणावर पडली?"

आम्ही आधी काकूंची सगळी नक्षी बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतली. मग विंडोजमध्येच जाऊन त्याची जागा कमी केली, लिनक्सला ती जोडणी ओळखायला लावली आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याला बसवलं. मशीन पुन्हा सुरू केलं. थेट लिनक्सच आलं. विंडोजचं नावसुद्धा नाही.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. "माजं कुठाय?"

नाना उठून अंगणात गेले आणि पाणी घातलेल्या तुळशीला पुन्हा पाणी घातलं. मी घाम पुसत लिनक्सला विंडोज शोधायला सांगितलं. ते सापडलं. सुरुवातीच्या पडद्यावर दोन नावं आली, वर लिनक्स आणि खाली विंडोज. नाना परत येऊन म्हणाले, "हिचं वर घ्या. पुढची शीट बायांची असती." मी घेतलं. काकूंनी एक मोर उघडून चोचीपासून शेपटीपर्यंत तपासला आणि मग चहा टाकला.

जाताना मी बजावलं, की यातली एक डिस्क मेली तर दोन्ही गेल्या म्हणून समजा. नानांनी मान हलवली. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ते काकूंची नक्षी बाहेरच्या डिस्कवर उतरवत. दुपारी काकू जरा आडव्या झाल्या की मशीनवर नाना बसत. काय करत, कुणी विचारलं नाही. बोटांचा आवाज मात्र माझ्या घरापर्यंत यायचा.

नाना गेले ते अगदी साधेपणाने, एका रात्री झोपेतच. पुढच्या हिवाळ्यात दोन डिस्कांतली एक मेली. मी नव्या डिस्कवर विंडोज टाकलं, बाहेरची डिस्क लावली. काकूंची एकूण एक कुयरी जागेवर होती. मग मी नानांचं काही आहे का ते शोधलं. काही नव्हतं. आठवड्यामागून आठवडे त्यांनी फक्त बायकोचं काम जपलं होतं, स्वतःचं एक अक्षरही उतरवून ठेवलेलं नव्हतं.

"काकू, नानांचं सगळं गेलं."

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली. "काय व्हतं त्यात?"

"माहीत नाही."

"मलाबी न्हाय." मग म्हणाल्या, "ते लिनक्सबी टाका परत."

"आता कोण वापरणार काकू?"

त्यांनी चष्मा पदराला पुसला आणि खुर्ची मशीनजवळ ओढली. "म्या. दुपारची झोप सोडून एवढं काय बोलत बसायचे त्याच्यासंगं, त्ये तरी कळू द्या."