रुग्णवाहिकेवरचा लाल क्रॉस

मोरिवलीत आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे एक मोफत रुग्णवाहिका आहे. माझी आई दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्यातूनच डायलिसिससाठी उल्हासनगरला जायची. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिथल्याच कॅम्प चारमधल्या पेंटरने मोठा लाल क्रॉस काढला होता. रुग्णवाहिका म्हटली की क्रॉस हवाच, अशी इथली समजूत आहे.

गेल्या वर्षी दहीहंडीच्या आदल्या दुपारी या गाडीतून डीजेचे स्पीकर आले. वाटेतली गर्दी चुकवायला सायरन लावला होता. मी खाली जाऊन मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं.

"पेशंट नव्हता ना ताई," तो म्हणाला. "रिकामी उभी राहून गाडी काय अंडी घालणार?"

"सायरनचं नंतर बघू. आधी तो क्रॉस काढ."

"क्रॉस काढला तर आईस्क्रीमची गाडी वाटेल."

पोरं हसली. मी कारण सांगितलं. युद्धात जखमींवर, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांवर हल्ला करायचा नाही, असं जिनिव्हा करार सांगतात. लाल क्रॉस ही त्या संरक्षणाची खूण. ती कोणी वापरायची हे ठरलेलं आहे आणि शांततेच्या काळातही तिचा गैरवापर रोखायचा आहे. त्यासाठी भारतातही कायदा आहे. मंडळाची गाडी त्यात कुठेच बसत नाही.

"मोरिवलीत कुठे युद्ध चाललंय?"

माझी भाची परदेशात, युद्ध चालू असलेल्या भागातल्या रुग्णालयात नर्स आहे. त्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. कोणीतरी कधीतरी रुग्णवाहिकेतून बंदुका नेल्या. तेव्हापासून सैनिक तपासणी नाक्यावर प्रत्येक रुग्णवाहिका उघडतात, आत पेशंट असला तरी. गाडी तशी थांबवलेली असतानाच आतली एक पेशंट बाई गेली. भाची तिच्या शेजारी बसली होती. आता गाडीवर ती खूण असली की तिला जास्त भीती वाटते.

हेही मी सांगितलं. पोरं स्पीकर उतरवायला वळली. अध्यक्ष हलला नाही.

"आमच्या स्पीकरने तिकडे बॉम्ब पडत नाहीत, ताई. आणि गाडी पटत नसेल तर आईंना रिक्षाने न्या."

हे बोलणं ओट्यावर बसलेल्या आईने ऐकलं होतं.

शुक्रवारी गाडी नेहमीप्रमाणे दारात आली. आई काठी टेकत तिच्यापर्यंत गेली आणि क्रॉसवर काठी ठेवून ड्रायव्हरला म्हणाली, "आधी हे पूस, मग बसते."

"आजी, माझ्या हातात नाय ते."

"बसणं माझ्या हातात आहे."

आम्ही रिक्षाने गेलो. जाताना ठीक होतं. डायलिसिसनंतर तिचं बीपी उतरतं, तिला आडवं व्हावं लागतं, आणि रिक्षात आडवं होता येत नाही. खड्ड्यांतून येताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून होती. मी म्हटलं, मी लेखी तक्रार करते, तू गाडीने जा.

"कायदा तुझा. नात माझी," ती म्हणाली.

मंगळवारी पुन्हा रिक्षा. पुढच्या शुक्रवारीही. मोफत गाडी दारात असताना म्हातारी रिक्षाने का जाते, हे बायका अध्यक्षाच्या आईला नळावर विचारू लागल्या. पालिकेची निवडणूकही जवळ आली होती आणि अध्यक्षाला उभं राहायचं होतं. मी केलेल्या तक्रारीला उत्तर आलं नव्हतं.

त्यानंतरच्या मंगळवारी गाडी आली तेव्हा क्रॉस दिसत नव्हता. त्यावर, दोन्ही बाजूंना, अध्यक्षाचा हात जोडलेला फोटो चिकटवला होता. क्रॉसपेक्षा मोठा.

आईने फोटोवर काठी ठेवली.

"याच्यावर गोळी झाडायला बंदी आहे का गं?"

"आहे, युद्धातही. तो साधा नागरिक आहे."

"बरं," ती म्हणाली आणि ड्रायव्हरचा हात धरून गाडीत चढली.